वाढणे

परळला एका कीर्तनानंतर एक माळकरी बाई नमस्काराला आल्या आणि बाजूला थांबून म्हणाल्या, "बुवा, माझ्या हातून पाप घडलं का, तेवढं सांगा." त्यांचे पोळीभाजीचे केंद्र आहे. आरंभी त्या एकट्याच पोळ्या लाटीत. आज हाताखाली बारा बायका आहेत. त्यांतल्या एकीने आषाढीच्या पायी वारीसाठी तीन आठवड्यांची रजा मागितली आणि यांनी ती नाकारली. "डबे वेळेवर जायला नकोत का? पण तेव्हापासून हरिपाठात माझं चित्त लागत नाही."

प्रश्न सोपा नाही. वारीची ओढ खरी, तशी दुपारी डब्याची वाट पाहणाऱ्याची भूकही खरी.

आपल्या मराठीत 'वाढणे' हा एकच शब्द दोन कामे करतो. मोठे होणे म्हणजे वाढणे, आणि पानात अन्न घालणे म्हणजेही वाढणेच. धंद्याला बरकत आली की दुसरे वाढणे हळूच सुटते. माणूस वाढायचा थांबतो आणि नुसता वाढत जातो. खरी मेख येथे आहे.

याच गिरणगावातले पाहा. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणीकामगार बिऱ्हाड गावी ठेवून येई आणि खानावळवाल्या बाईच्या हातचे जेवी. पैसे पगार झाल्यावर. तोवर किराण्यासाठी बाईला सावकाराचे दार. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. बँकेत तारण ठेवायला त्यांच्यापाशी काय असणार? कर्जासाठी त्या एकमेकींना जामीन राहिल्या. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, पगार थांबले, तरी कित्येक खानावळींत उधारीवर पाने वाढली गेली. तेथे एकीची वाढ दुसरीच्या भरवशावर उभी होती.

मग शिस्त नको का? हवीच. माऊलींच्या सोहळ्यात चोपदाराने दंड उंचावला की हजारोंचा समाज क्षणात शांत होतो. पण सोहळा आपल्या मालकीचा, असे तो मानीत नाही. चार पावले तोही सर्वांबरोबरच चालतो. दिंडीत पताका पुढे, टाळकरी मध्ये, आणि ज्याचा मान मोठा तो विणेकरी मागे. चालवणाऱ्याची जागा ही अशी.

म्हणून मी त्या बाईंना विचारले, "माई, पापपुण्याचा हिशेब पांडुरंगाकडे. पण डबे अडतील असं तिला सांगितलंत, तेव्हा तिच्या जागी तीन आठवडे आपण लाटणं धरावं, असं मनात आलं होतं का?"

बाई गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "बुवा, लाटणं हाती धरून मला तीन वर्षं झाली."

मी पुढे काही बोललो नाही. त्यांचे उत्तर त्यांना सापडले होते, आणि माझ्यापुढे माझाच प्रश्न उभा होता. कीर्तनात दोन दोन तास टाळकरी माझ्या पाठीशी उभे असतात. पुढे लोक माना डोलावतात, ते मला दिसते. त्या टाळकऱ्यांचे पाय दुखतात का, हे मी मागे वळून कधी पाहिले होते?

रामकृष्णहरि.