लिंक टाकण्यापूर्वी

चि. सायलीस,


तुझं पत्र आणि सोबतचा करार, दोन्ही नीट वाचलं. एका मोठ्या ओटीटीने नकार कळवला, दुसऱ्याने उत्तर द्यायचीही तसदी घेतली नाही, आणि आता एक लहान कंपनी सिनेमा घ्यायला तयार झाली म्हणून तू सही करून मोकळी व्हायला निघाली आहेस. नाहीतर सरळ यूट्यूबवर टाकून देते, असंही लिहिलं आहेस. जरा दम धर. यातली एकही वाट वाईट नाही. पण आधी कुठली आणि मग कुठली, हे चुकलं तर मागे फिरता येत नाही.

लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगमध्ये वितरकाच्या वह्या लिहिण्यात माझी हयात गेली, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा सिनेमा म्हणजे पत्र्याच्या पेट्या. एक प्रिंट काढायची तर पन्नास हजारांच्या वर खर्च, म्हणून मराठी निर्माता मोजक्याच प्रिंट काढायचा आणि त्याच गावोगाव फिरायच्या. पुणे, सांगली, कोल्हापूर करत पेटी विदर्भात पोचेपर्यंत रीळ इतकं घासलेलं असायचं की पडद्यावर बारमाही पाऊस. 2005च्या सुमारास उपग्रहावरून थिएटरात सिनेमा पोचू लागला आणि पेट्या गेल्या. 2016च्या जानेवारीत नेटफ्लिक्स आलं, सप्टेंबरात जिओचा स्वस्त डेटा आला, आणि थिएटरवाचूनही भागू लागलं.

मधला दलाल गेला म्हणून तुम्ही मुलं खूश आहात. खुशाल व्हा. पण तो टक्केवारी घ्यायचा ती कशाची? कुठल्या गावात जत्रा आहे, कुठे कापसाचे पैसे हातात आलेत, कुठला थिएटरवाला तिकिटांचा हिशेब दाबतो, पोस्टर एसटी स्टँडवर लावायचं की बाजारपेठेत, हे त्याला पाठ असायचं. तो गेला, काम राहिलं, आणि ते आता तुझ्या गळ्यात आहे. तुझं बजेट मी पाहिलं. ड्रोनचं भाडं आहे, कलर करेक्शनचे दोन हप्ते आहेत. प्रसिद्धी आणि वितरणाच्या रकान्यात शून्य.

नकार फार मनाला लावून घेऊ नकोस. मल्याळी दिग्दर्शक जिओ बेबीचा ‘द ग्रेट इंडियन किचन’ मोठ्या प्लॅटफॉर्मनी आधी नाकारलाच होता. 15 जानेवारी 2021ला तो नीस्ट्रीम नावाच्या लहानशा मल्याळी ओटीटीवर लागला. तुंबलेलं सिंक, खरकटं, सासऱ्याचा चहा, पुन्हा सिंक. एवढ्यावर केरळात घरोघरी वाद झाले, आणि काही महिन्यांत तोच सिनेमा ॲमेझॉन प्राइमवर दिसू लागला. यातली गोम एवढीच की लहानाला देताना हक्क कायमचे बांधून टाकले, तर मोठा नंतर दारात आला तरी त्याला द्यायला आपल्याकडे काही उरत नाही.

म्हणून तुझ्या कराराचं सातवं कलम पुन्हा वाच. ‘सर्व भाषा, सर्व प्रदेश, आज अस्तित्वात असलेली व यापुढे निघणारी सर्व माध्यमे’ यांतले हक्क कायमस्वरूपी कंपनीचे. तुला ‘निव्वळ उत्पन्नातील’ हिस्सा. निव्वळ म्हणजे कंपनीचा खर्च वजा जाता, आणि खर्च किती ते ठरवणार कंपनीच. आमच्याकडे याला पब्लिसिटीचं खातं म्हणत. ते खातं कधी फिटलेलं मी पाहिलं नाही. तू मागायचं ते असं: मुदत दोन वर्षं, फार तर तीन, हक्क भारतापुरतेच, खर्चाला वरची मर्यादा, दर तिमाहीला हिशेब, किती जणांनी किती मिनिटं पाहिलं या आकड्यांसकट, आणि कंपनीने गाशा गुंडाळला तर हक्क आपोआप तुझ्याकडे परत. ही शेवटची अट ते हसण्यावारी नेतील. नेऊ देऊ नकोस. ॲमेझॉनएवढ्या कंपनीने 2021मध्ये स्वतंत्र निर्मात्यांकडून परस्पर येणारे माहितीपट आणि शॉर्टफिल्म घेणं एका फटक्यात थांबवलं. दोन खोल्यांच्या ऑफिसातल्या कंपनीचं काय घेऊन बसलीस!

आता गाणं. तुझ्या सिनेमात पहाटेच्या एसटीत ड्रायव्हरच्या मोबाइलवर जुनं सिनेमातलं गाणं वाजतं आणि तुझी कंडक्टरबाई तिकिटं फाडता फाडता ओठ हलवते. प्रसंग झकास जमलाय. हक्क घेतलेस का? निना पेली या अमेरिकन बाईने ‘सीता सिंग्ज द ब्लूज’ हा अख्खा ॲनिमेशनपट जवळजवळ एकटीने कॉम्प्युटरवर केला. 2008मध्ये बर्लिनच्या महोत्सवात तो वाखाणला गेला, पण 1920च्या दशकातल्या गाण्यांच्या हक्कांपायी अडकून पडला. हजारो डॉलर मोजून तिने ते सोडवले आणि मग 2009मध्ये सिनेमा इंटरनेटवर सगळ्यांना फुकट खुला करून टाकला. तुझ्याकडे डॉलर नाहीत. गावातल्या थिएटरात असं गाणं खपून जायचं. यूट्यूबची यंत्रणा मात्र ते चुटकीसरशी ओळखते, आणि मग जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाच्या खिशात जातात किंवा व्हिडिओच बंद पडतो. गाण्याच्या कंपनीला आजच लिही. परवडत नसेल तर गाणं बदल, बाईचे ओठ तेवढे ठेव.

यूट्यूबचं म्हणशील तर हिशेब मांडून बघ. जाहिरातीचा वाटा मिळायला आधी 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तास पाहणं लागतं. तुझा सिनेमा दीड तासाचा, म्हणजे तो अथपासून इतिपर्यंत पाहणारे सुमारे 2,700 जण हवेत. त्यानंतर उत्पन्नाचे 55 टक्के तुझे. बारामतीकडच्या ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ किंवा साताऱ्याकडच्या ‘गावाकडच्या गोष्टी’ यांचं तिथे बस्तान बसलं, कारण त्यांचे भाग येत राहिले आणि लोकांना चटक लागली. यूट्यूब सवयीला पैसे देतं. तुझ्याकडे एकच सिनेमा आहे, तो एकदाच पाहिला जाणार. त्याला तिथे सगळ्यात शेवटी पाठव. शिवाय एकदा तिथे टाकलास की पुष्कळ महोत्सवांची दारं बंद होतात आणि ओटीटीवाले भाव पाडतात.

आनंद पटवर्धनांनी 2019मध्ये ‘विवेक’ हा माहितीपट भागाभागांनी यूट्यूबवर टाकला, हे उदाहरण तू देशीलच. पण त्यांच्यामागे चार दशकांचा प्रेक्षक होता. ‘जय भीम कॉम्रेड’ त्यांनी वस्त्यांमध्ये पडदा लावून दाखवला होता.

त्यापेक्षा एरिन क्रमली आणि सूझन ब्यूस या जोडप्याचं बघ. 2005 साली त्यांचा ‘फोर आइड मॉन्स्टर्स’ महोत्सवांत फिरला, वितरक कुणी मिळेना. त्यांनी सिनेमा बनवतानाच्या कटकटींचेच छोटे भाग करून इंटरनेटवर सोडले आणि पाहणाऱ्यांकडून ईमेल आणि पिनकोड मागून घेतले. जिथून मागणी जास्त, त्या शहरातल्या थिएटरवाल्याला जाऊन ती यादी दाखवली. अख्खा सिनेमा यूट्यूबवर आला तो 2007मध्ये, हे सगळं झाल्यावर. नाझमधला मुरलेला वितरक यापेक्षा वेगळं काय करायचा? त्याच्याकडे पिनकोड नव्हते, अंदाज होते.

तुझी यादी तर तयारच आहे. एसटीची राज्यात अडीचशेच्या आसपास आगारं आहेत. त्यांत कंडक्टर महिला आहेत, त्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. तू सिनेमासाठी ज्या बायकांशी बोललीस, त्यांच्या मुलाखतींचं फुटेज हार्डडिस्कवर पडून आहे ना? त्याचे तीन-तीन मिनिटांचे भाग कर, बायकांची परवानगी घेऊन, आणि दर आठवड्याला एक सोड. खाली एकच मागणी: गाव आणि नंबर. पन्नास-साठ नावं जमली त्या गावात नाट्यगृह किंवा शाळेचा हॉल घे, माफक तिकीट लाव. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना वेगळं लिही. हक्क भारतापुरतेच द्यायचे म्हटलं ते यासाठीही. ही यादी कुठल्याही कंपनीला देऊ नकोस. फेसबुकवरचे फॉलोअर फेसबुकचे असतात, वहीतले नंबर तुझे.

ट्रेलरचा जो आलेख पाठवलास, त्यात अकराव्या सेकंदाला निम्मे लोक पळाले म्हणून सिनेमाची सुरुवातही कापायचा सल्ला तुला कुणीतरी दिला आहे. ट्रेलर खुशाल काप. आगारात पहाटे दिवे लागतात तो चार मिनिटांचा शॉट हात न लावता ठेव. बोटाने सरकवत जाणाऱ्याला तो कधीच आवडणार नव्हता, आणि तिकीट काढून बसलेला अकराव्या सेकंदाला उठत नाही.

इंटरनेटवर लागत नसलं तरी सेन्सॉरचं प्रमाणपत्र काढून घे. जाहीर शो, राष्ट्रीय पुरस्कार आणि सरकारी अनुदान, तिन्हींसाठी ते लागतं. इंग्रजी सबटायटल्स पुन्हा तपासून घे. ‘डबल बेल’चं भाषांतर वाचून मला हसू आलं.

कंपनीला तूर्त ‘दोन आठवड्यांत कळवते’ एवढंच कळव. घाई करू लागले तर कशाची घाई ते विचार, आणि जे उत्तर येईल ते मला पाठव. कराराचा मसुदा वर्ड फाइलमध्ये मागून घे, पीडीएफवर मला खुणा करता येत नाहीत. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा