धन्याचे माप

शास्त्रपाठ: मत्तय २५:१४–३०



खळ्यावर रास पडली म्हणजे धान्य किती झाले, हे विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: माप कोणाचे? पायलीने धान्य मोजीत त्या काळी लबाड सावकाराच्या घरी दोन मापे असत. घेताना एक, देताना दुसरे. रास तीच, दाणेही तेच. परंतु माप खोटे असले म्हणजे ज्याच्या घरी वर्षाची बेगमी व्हावयाची तोच मनुष्य कर्जदार ठरून हात जोडून उभा राही. ह्यास्तव शहाणा शेतकरी रास मोजू देण्यापूर्वी माप हाती घेऊन तपासून पाहत असे.

आपण आपल्या आयुष्याची रास कोणाच्या मापाने मोजतो, ह्याचा आज विचार करू.

काही वर्षांपूर्वी एका लहान गावी उपासना आटोपल्यावर तेथील उपदेशक मला पोहोचविण्यास सडकेपर्यंत आला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “पाळकसाहेब, माझ्याबरोबर शिकलेला एक जण शहरात मोठ्या हुद्द्यावर आहे. दुसऱ्याने बंगला बांधला. मी सोळा वर्षे ह्याच गावी आहे. आलो तेव्हा मंडळीची अकरा घरे होती, आज चौदा आहेत. माझा धाकटा भाऊ विचारतो, दादा, तू काय मिळविलेस? मला उत्तर देता येत नाही.” खरे सांगतो, त्या वेळी मलाही उत्तर देता आले नाही. त्याच्या समाधानासाठी मी चार शब्द बोललो. ते वरवरचे होते हे त्यास कळले आणि मलाही कळले. आजचा बोध त्या बंधूस उशिरा दिलेले उत्तर समजावा.

प्रभूने सांगितलेला दाखला तुम्हांस ठाऊक आहेच. परदेशी जाणाऱ्या एका धन्याने आपली मालमत्ता तिघा चाकरांच्या स्वाधीन केली. मूळ ग्रीक ग्रंथात ‘तालांत’ हा शब्द आहे. एकास ५ तालांत, दुसऱ्यास २ आणि तिसऱ्यास १ मिळाला. ह्या दाखल्यात तीन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट ही की, वाटणी धन्याने केली, आणि ज्याची जशी शक्ती तशी केली. ज्यास एकच मिळाला त्याच्यावर अन्याय झाला असे आपणांस वाटते. परंतु तालांत म्हणजे केवढी रक्कम? एका तालांताचे सुमारे ६,००० दिनार होत, आणि द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून दिसते की, एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी होती. वर्षाचे ३०० दिवस काम धरले तर एक तालांत म्हणजे मजुराची २० वर्षांची कमाई! जो सर्वांत धाकटा ठरला त्याच्या हातीही एवढे धन होते. शेजाऱ्याच्या हातातले पाच दिसू लागले म्हणजे आपल्या हातातला एक दिसेनासा होतो. बंधूंनो, दारिद्र्य पुष्कळदा घरात नसते, ते शेजारच्या घराकडे लागलेल्या डोळ्यांत असते.

दुसरी गोष्ट फार गोड आहे. हिशेबाच्या दिवशी पहिल्याने पाचांचे दहा करून दाखविले, दुसऱ्याने दोहोंचे चार. लोकांच्या मापाने पाहिले तर एक मोठा, एक मध्यम. दहाच्या पुढे चार काय? परंतु ओवी २१ आणि ओवी २३ शेजारी ठेवून वाचा. धन्याने दोघांची वाखाणणी केली ती अगदी त्याच शब्दांत. एक अक्षर कमी नाही, एक अक्षर अधिक नाही. दोघांस एकच पदवी आणि एकाच आनंदात प्रवेश! धन्याने दुसऱ्यास असे विचारले नाही की, तुझ्या सोबत्याने दहा आणले, मग तुझे चारच कसे? त्याने एवढेच पाहिले की, ह्याच्या हाती जे दिले होते त्याचे ह्याने काय केले. त्या दिवशी पेत्रास पेत्राचा हिशेब द्यावयाचा आहे, योहानाचा नव्हे.

तिसरी गोष्ट इशाऱ्याची आहे. कोणी म्हणेल, “बरे झाले! लोकांचे माप टाकून दिले; आता माझे मन सांगेल ते माझे यश.” असे नव्हे. तिसऱ्या चाकरानेही स्वतःचेच माप धरले होते. त्याने तालांत मातीत पुरला, जसाच्या तसा परत आणला आणि आपण निर्दोष आहो असे समजला. लोकांचे माप खोटे आहे एवढ्यावरून आळशाचे माप खरे ठरत नाही. जो शिक्षक मुलांस अक्षरे नीट शिकवीत नाही आणि “मला मोठेपणाची हाव नाही” असे म्हणतो, तो नम्र नव्हे. त्याने तालांत पुरला आहे. धन्याचे माप सावकाराच्या मापासारखे खोटे नाही, परंतु ते सैलही नाही.

ह्याचे एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. तरुण वयात त्यांनी दुष्काळात आईबाप गमावले, आणि १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांचे संस्कृताचे ज्ञान पाहून त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. लोकांच्या मापाने त्या तेव्हा शिखरावर होत्या. १८८० साली त्यांनी दुसऱ्या जातीच्या बंगाली गृहस्थाशी विवाह केला, १८८२ साली त्या विधवा झाल्या आणि १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा ज्या तोंडांनी स्तुती केली होती त्यांतली कित्येक निंदा करू लागली. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांकरिता शारदासदन काढले व पुढे ते पुण्यास नेले. १८९३ साली मोठा गवगवा झाला. अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या आणि सल्लागार मंडळातील थोर गृहस्थांनीही राजीनामे दिले. लोकांच्या मापाने त्या वर्षी त्यांचे काम बुडाले होते.

रमाबाई त्याच मापाने स्वतःस मोजीत असत्या तर १८७८ साली गर्वाने फुगल्या असत्या आणि १८९३ साली निराशेने खचल्या असत्या. दोन्ही वेळी बाई तीच, बुद्धी तीच. फिरले ते लोकांचे माप. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली व स्त्रिया त्यांनी केडगावी आणल्या. दुष्काळाने स्वतः पोरकी झालेली ती कन्या पोरक्यांची आई झाली. पुढे जिला पंडितांनी संस्कृतासाठी गौरविले होते, तिने इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून अशिक्षित बायाबापड्यांस समजेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्यात आपली अखेरची वर्षे घालविली. ते काम त्यांनी आयुष्याच्या शेवटापर्यंत केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. अवघड भाषेत पंडितांची वाहवा मिळविण्याची शक्ती असताना सोप्या भाषेत गरिबांची सेवा करणे, हे त्यांनी आपले यश मानले. असे माप कोणतीही सभा हाती देत नाही. ते धन्यापुढे गुडघे टेकून मागून घ्यावे लागते.

आता आपल्याकडे वळू. आपणांपैकी पुष्कळांच्या वाडवडिलांस गावाने गावकुसाबाहेर ठेवले होते. जगाचे माप किती खोटे असते हे आपल्याइतके कोणास ठाऊक आहे? असे असता आपणच मंडळीत नवी उतरंड रचावी काय? पगारावरून बाकावर जागा, कपड्यांवरून नमस्कार, इंग्रजी शब्दांवरून शहाणपण! लग्नाचा मांडव दोन दिवस उभा असतो, त्याचे कर्ज दहा वर्षे घरात बसते, आणि “लोक काय म्हणतील?” असे ज्या लोकांसाठी आपण विचारतो, ते जेवून हात धुतले की आपापल्या घरी जातात. व्याज भरण्यास त्यांतला एकही येत नाही. ज्या मुलास सुतारकामाची आवड व हात आहे, त्यास कचेरीतल्या खुर्चीसाठीच जबरीने शिकविणारा बाप मुलाचे नव्हे, स्वतःच्या लौकिकाचे कल्याण पाहतो. तसेच शिकण्याची बुद्धी असलेल्या मुलीस केवळ जात-भाऊ नावे ठेवतील म्हणून घरी बसविणारा बाप तिचा तालांत आपल्या हाताने मातीत पुरतो.

म्हणून रात्री दिवा मालवण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावे. आज माझ्या हाती धन्याने काय दिले होते? त्याचे मी काय केले? आणि आज मी केले ते, कोणी पाहत नसते तरी केले असते काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की माप कोणाचे, ते आपोआप कळेल.

आणि सडकेपर्यंत मजबरोबर चालत आलेल्या माझ्या बंधो, तू काय मिळविलेस हे आता सांगतो. त्या दिवशी उपासनेत एका म्हातारीने शास्त्रपाठ वाचला. अक्षरावर बोट ठेवून, थांबत थांबत, पण स्वतः वाचला. तिला अक्षरओळख कोणी करून दिली, हे मी विचारले तेव्हा तिने तुझ्याकडे पाहिले. पटकीच्या साथीत ज्या घरी नातलग गेले नाहीत त्या घरी तू पाणी पाजीत बसला होतास, हे मला दुसऱ्यांनी सांगितले. तू सांगितले नाहीस. अकराची चौदा घरे झाली हा हिशेब तू भावाच्या मापाने केलास. धन्याची वही निराळी आहे. तुझा सोबती दहा घेऊन येवो, तू तुझे चार घेऊन नीट उभा राहा. शाबासकीचे शब्द दोघांस तेच आहेत.

प्रभू आपणां सर्वांस खोटी मापे टाकून देण्याचे धैर्य आणि त्याचे खरे माप ओळखण्याची दृष्टी देवो. आमेन.