गोगलगाय, टोमॅटो आणि पहिलं शील



डेल्फ्टजवळच्या भाड्याच्या बागेत आमचा एक छोटा तुकडा आणि त्यात एक काचघर आहे. मी 'रोमा' लावतो, टोमॅटोची झुडपी जात. उंच जात नाही, बगलफूट काढावी लागत नाही. पण काचघरात ती दाट पसरते, हवा खेळत नाही आणि पांढरी माशी ठाण मांडते. म्हणून मेच्या मध्यावर, इथले लोक ज्यांना 'आइसहाइलिखन' म्हणतात ते थंडीचे शेवटचे दिवस सरले की, अर्धी रोपं उघड्यावर लावतो. तिथं वारा लागतो, पण फळं जमिनीला टेकलेली, आणि या ओल्या देशात जमीन गोगलगाईंची.

गेल्या जूनमध्ये मी त्यांच्यावर मीठ टाकत होतो. मागे मुलगी उभी होती, अकरा वर्षांची. म्हणाली, "बाबा, रविवारी वंदनेला पहिलं शील सगळ्यांत मोठ्यानं तूच म्हणतोस ना?"

बाबासाहेबांचा दाखला लगेच आठवला. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ते अहिंसेला नियम नव्हे, तत्त्व म्हणतात, आणि मारण्याची इच्छा व मारण्याची गरज यांत फरक करतात. दाखला तोंडावर आला होता, पण बोललो नाही. कारण माझी गरज कुठली? माझी आजी नारायणगावकडे दुसऱ्याच्या टोमॅटोच्या रानात रोजावर जायची. पीक गेलं की मालकाचं नुकसान आणि हिची मजुरी बुडायची. तिथं अळी मारणं ही गरज होती. मी दुकानातून टोमॅटो आणू शकतो. माझा हा छंद आहे, आणि छंदाला गरजेचं नाव देणं मला जमेना.

मग वाटलं, सगळीच रोपं काचेखाली न्यावीत. वेस्टलंडच्या मोठ्या काचघरांत टोमॅटोच्या परागीभवनासाठी भुंगमाश्यांच्या पेट्या ठेवतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत आली, आणि माश्या जगवायच्या म्हणून विषारी फवारणी आवरावी लागली. पांढऱ्या माशीसाठी 'एन्कार्सिया' नावाची, मिलिमीटरहूनही लहान गांधीलमाशी सोडतात. ती पांढऱ्या माशीच्या पिलांत अंडी घालते, पिलं काळी पडून मरतात. फवारणारा मजूर विष श्वासात घेत नाही, ही गोष्ट मला लहान वाटत नाही. आजी तर ते विष उघड्या हातांनी कालवायची. पण सुपारी दिली म्हणून हात कोरडे राहत नाहीत. कार्ड मी लटकवणार, माशी मरावी ही चेतनाही माझीच. फक्त मरताना दिसणार नाही. मीठ टाकताना निदान दिसत होतं.

सध्या आम्ही रात्री बॅटरी घेऊन जातो, गोगलगाई दह्याच्या डब्यात गोळा करतो आणि कालव्यापलीकडच्या गवतात सोडतो. शेजारच्या वाफ्याचे डच आजोबा हसतात. फळांखाली पेंढा अंथरलाय, तरी चारातलं एक फळ जातंच. काचघरातल्या रोपांवर मात्र परवा पांढरी माशी दिसली. एन्कार्सियाचं कार्ड मागवायचं की नाही, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.