एकट्याची वाट

बेन नेव्हिस हा ब्रिटिश बेटांवरील सर्वांत उंच पर्वत स्कॉटलंडमध्ये आहे. 1881 साली जून ते ऑक्टोबर क्लेमेंट रॅग नावाचा एक गृहस्थ हवामानाच्या नोंदी घेण्यासाठी रोज पहाटे पायथ्याच्या फोर्ट विल्यम गावातून निघून हा पर्वत चढत असे. त्याच्या चिकाटीचे कौतुक झाले, सुवर्णपदकही मिळाले. त्याच्या पत्नीचा उल्लेख मात्र ओझरता होतो. तो माथ्यावर वायुभारमापक पाहत असताना ती खाली, समुद्रसपाटीलगत, तशाच नोंदी करीत असे. खालच्या आकड्यांवाचून वरच्या आकड्यांची तुलना कशाशी करणार?

डोंगरावर एकट्याने जाण्याचा प्रश्न माझ्यापुढे आला, तेव्हा मला ही खाली थांबलेली स्त्री आठवली. प्रश्न आणला आमच्या वसईच्या एका मातेने. तिचा मुलगा इंग्लंडात नोकरीस आहे. सुटीत त्याने कॅम्परव्हॅन, म्हणजे निजण्या-रांधण्याची सोय असलेली मोटार, भाड्याने घेतली आणि शनिवारी बेन नेव्हिस एकट्याने चढण्याचे ठरविले. "फादर, असं एकट्यानं जाणं पाप आहे का हो?" नातलगांनी तिची समजूत घातली होती की, हा पर्वत 1,345 मीटरचा, आपल्या कळसूबाईहून तीनशे मीटरांनी ठेंगणा, काळजी कसली?

हा दिलासा फसवा आहे. तेथे चढण जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते आणि जाऊन-येऊन सुमारे 17 किलोमीटर चालावे लागते. दर दीडशे मीटरांमागे उष्णता साधारण एका अंशाने उतरते. अटलांटिकवरून आलेले ढग तासाभरात दिवसाचे रूप पालटतात. पायथ्याशी सदऱ्यावर निघालेल्या माणसाला माथ्यावर गारठलेला पाऊस किंवा हिमही गाठते. माथा सपाट असला तरी उत्तरेकडे शेकडो मीटर खोल कडे आहेत आणि त्यांच्या घळी पठारात आतपर्यंत शिरल्या आहेत. धुक्यात परतताना माथ्यावरील मोजणीच्या खांबापासून नकाशावरील 231 अंशांच्या दिशेने 150 मीटर जायचे आणि मग 282 अंशांकडे वळायचे, असा तेथला नियम आहे. एकट्याला होकायंत्र चुकीचे वाचले तर सांगणारे कोणी नसते.

जॉन स्टुअर्ट मिल याने 1859 साली प्रसिद्ध केलेल्या 'ऑन लिबर्टी' या ग्रंथात असुरक्षित पुलाचे उदाहरण दिले आहे. अपघात निश्चित नसून केवळ धोका असेल, तर पूल ओलांडू पाहणाऱ्याला सावध करावे, बळाने अडवू नये, असे त्याचे मत. मला ते पटते. मुलाला घरात कोंडून त्याचे रक्षण होत नाही. शिवाय एकांताला स्वतःचे मोल आहे. गर्दीत ऐकू न येणारे पुष्कळ काही डोंगरावर ऐकू येते. परंतु पुलावरून पडलेल्याला काढण्यासाठी पाण्यात कोणीतरी उडी घेतेच. त्या भागातील गिरिबचाव पथकात स्वयंसेवक असतात. ते आपापली कामे टाकून, रात्री-अपरात्री, वादळात वर जातात आणि पैसे घेत नाहीत. माझा धोका मी एकट्याने पत्करला, असे म्हणणाऱ्याने या माणसांना न विचारताच आपल्या बेतात ओढलेले असते.

संत थॉमस अक्विनास याने भित्रेपणाप्रमाणे अतिसाहसही धैर्याच्या विरुद्ध असलेला दोष मानला. (आमच्या सेमिनरीत हे प्रकरण घाईने उरकले जाई, तरुणांना त्याचीच अधिक गरज असते.) धैर्याचे मुख्य कार्य चाल करून जाणे नव्हे, तर तग धरणे, असेही तो सांगतो. शिखर दिसत असताना, पायांत बळ असताना ढग पाहून मागे वळणे आणि ती निराशा सोसणे, याची गणना मी या दुसऱ्या प्रकारच्या धैर्यात करतो.

कॅम्परव्हॅन येथे मदतही करते, अडचणही. चाकांवरचे घर पायथ्याशीच असल्याने चहा करून ढग विरण्याची वाट पाहता येते. पण भाड्याचे दिवस मोजके असतात, आणि 'आज नाही तर कधीच नाही' हा विचार हवामानापेक्षा प्रबळ ठरतो. त्यात आणखी एक गोष्ट: खाणावळीत रात्री पाहुणा परतला नाही तर मालकाच्या ध्यानात येते. वाहनतळावर उभ्या असलेल्या मोटारीची विचारपूस कोण करणार?

मी त्या मातेला म्हणालो, "जाण्यात पाप नाही. न सांगता जाण्यात मात्र दोष आहे. वाट कोणती, परतण्याची वेळ कोणती, किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर पोलिसांना कळवायचे, हे त्याने तुम्हाला आणि तेथल्या खोलीतील सोबत्याला लिहून पाठवावे." त्याने तसे पाठविले. संध्याकाळी सहापर्यंत खाली येणार होता. म्हणजे आपल्याकडे साडेदहा. ती जागत बसण्याच्या तयारीत होती.

निरोप साडेपाचलाच आला. तेथे दुपारचा एक वाजला होता. अर्ध्या वाटेवरील तळ्यापाशी ढग खाली उतरले, म्हणून परत फिरलो. गाडीत जेवण करतो आहे, असे त्याने कळविले होते. रविवारी मिस्सानंतर ती मला भेटली. चेहऱ्यावर समाधान होते, तरी म्हणाली, "फादर, एवढं भाडं भरून गेला, अन् वरचं काही पाहिलंच नाही हो त्यानं!"