शाळेचे क्षेम

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी अनन्य भक्ताला जे अभय दिले आहे त्यात योगक्षेम हा जोडशब्द येतो, आणि भाष्यकार आचार्यांपासून गावोगावच्या कीर्तनकारांपर्यंत बहुतेकांनी त्याची फोड एकाच रीतीने केली आहे : जे मिळालेले नाही ते मिळणे हा योग, आणि जे मिळाले आहे ते राखले जाणे हे क्षेम. पुढे आयुर्विमा महामंडळाने ते वचन बोधवाक्य म्हणून घेतले, आणि ज्या कागदाची घडी आपण सहसा उलगडत नाही त्याच्या माथ्यावर जाऊन बसल्यामुळे ते वाचायचेच राहून गेले. या जोडीतला योग सर्वांना प्रिय असतो, कारण त्याला मुहूर्त असतो, नारळ असतो, फीत असते, छायाचित्र असते. क्षेमाला यांतले काहीच नसते, ते रोज करावे लागते आणि नीट केले तर दिसतही नाही. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या माध्यमिक शाळांत जी मुले दरवर्षी शालेय मंत्रिमंडळ म्हणून निवडून येतात, त्यांच्या कामाचा विचार करू लागलो की मला हे मागे राहिलेले क्षेमच आधी आठवते.

निवडणूक मोठी रंगते. हा मुलूख सोसायटीच्या, बाजार समितीच्या, साखर कारखान्याच्या निवडणुका पाहत वाढणाऱ्या मुलांचा आहे. उमेदवारी अर्ज, माघार, चिन्ह, प्रचार, बोटावरची शाई हे सारे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही, आणि अलीकडे मोबाइललाच मतदानयंत्र करून निकाल लावला जातो तेव्हा तर मोठी माणसेही कौतुकाने पाहत राहतात. मग मुख्यमंत्री, स्वच्छतामंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री, पोषण आहारमंत्री अशी नावे फलकावर येतात आणि शपथविधी होतो. प्रचारातली आश्वासने मात्र बारकाईने ऐकावीत, वाचकहो, कारण ती जवळजवळ सगळी योगाची असतात : नवे क्रीडासाहित्य आणू, लांबची सहल काढू, संगणक वाढवू. आहे ते मी सांभाळीन, असे म्हणून मते मागणारा उमेदवार विरळा. आणि शपथ घेऊन झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, परिपाठाची घंटा होण्याआधीच, त्याच्या वाट्याला जे येते ते निखळ क्षेम असते, म्हणजे पाण्याच्या टाकीचे उघडे राहिलेले झाकण, ठिबकणारी तोटी, मुलींच्या स्वच्छतागृहाची आतून न लागणारी कडी, ग्रंथालयाच्या वहीत नोंद न करता गेलेले पुस्तक, आणि मधल्या सुट्टीनंतर ताटे धुण्याच्या जागी साचलेले पाणी.

क्षेमाचा पहिला पदर हा असा वस्तूंचा आहे आणि तो हलका समजू नये. ज्या शाळेत कडी लागत नाही त्या शाळेतली मुलगी दिवसभर पाणी कमी पिते, आणि महिन्यातले काही दिवस घरीच राहते. हजेरीपटावर तिच्या नावापुढे जी गैरहजेरीची खूण पडते तिचे मूळ पुष्कळदा एका सैल झालेल्या स्क्रूत असते. हे मुख्याध्यापकांच्या फेरीत दिसेलच असे नाही, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना तर नाहीच. ते नववीतल्या मुलीलाच ठाऊक असते, आणि तिला ते ठाऊक असल्यामुळेच मंत्रिमंडळात तिचे असणे शोभेचे राहत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 सालच्या बालहक्क संहितेने, जी भारताने 1992 मध्ये स्वीकारली, मुलांशी संबंधित गोष्टींत मुलांचे मत ऐकले जावे असे म्हटले आहे. या कलमाकडे औदार्य म्हणून पाहिले जाते, मला ते निव्वळ व्यवहार वाटते, कारण जो वापरतो त्यालाच बिघाड आधी कळतो.

कळले तरी करता येणे हा पुढचा पदर, आणि त्यासाठी शिरूर तालुक्यातल्या पाबळकडे पाहावे. डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून 1983 मध्ये या कमी पावसाच्या गावी विज्ञान आश्रम सुरू केला, आणि हाताने काम करता करता शिकणे ही रीत तिथून माध्यमिक शाळेत नेली. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या विषयांची प्रत्यक्ष कामे करायची, गावाला आणि शाळेला उपयोगी पडेल अशा सेवा द्यायच्या, आणि त्यातूनच विज्ञान समजून घ्यायचे, असा तो अभ्यासक्रम पाबळच्या विद्यालयातून सुरू होऊन पुढे राज्यातल्या इतर शाळांत पोहोचला. त्यात मूल वेल्डिंग करते, नळ जोडते, विजेची साधी जोडणी शिकते, माती तपासते, रक्तातले हिमोग्लोबिन मोजते. आश्रमात 2002 साली जगातल्या अगदी आरंभीच्या फॅब लॅबपैकी एक उभी राहिली, तिची ख्याती झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु मला पाबळचे थोरपण त्या प्रयोगशाळेहून अधिक मोडलेल्या बाकात दिसते, जो बाक तिथला विद्यार्थी भंगारात न टाकता कार्यशाळेत उचलून नेतो. ज्याला पाना धरता येत नाही त्या स्वच्छतामंत्र्याचे क्षेम अर्ज लिहिण्यापाशी थांबते. अर्ज लिहिणेही शिकले पाहिजे, पण वॉशर बदलायला पाच मिनिटे लागतात आणि अर्जाला कधी कधी एक सत्र. श्रद्धेच्या भाषेत बोलायचे तर हाताला आलेले कौशल्य हीही कृपाच आहे, आणि तिचा विनियोग पहिल्यांदा आपण ज्या छपराखाली शिकलो त्याच्यासाठी व्हावा यात मोठे औचित्य आहे.

वस्तूंच्या पलीकडे माणसे आहेत, आणि तिथे क्षेमाचा अर्थ एकदम खोल जातो. दौंड तालुक्यातल्या केडगावात याचे जे उदाहरण घडले त्याला सव्वाशे वर्षे उलटून गेली. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदासदन काढले, ते पुढल्याच वर्षी पुण्यास नेले. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी अन्नावाचून तडफडणाऱ्या मुली आणि बालविधवा यांना आणले, आणि प्लेगच्या निर्बंधांनी पुण्यात त्यांना ठेवणे अशक्य झाले तेव्हा केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले. 1900 च्या सुमारास तिथे दीड हजारांची वस्ती होती. दीड हजार जिवांचा योग, म्हणजे त्यांना तिथवर आणणे, हे रमाबाईंच्या धैर्याचे काम होते. पण त्यांचे क्षेम एकट्या रमाबाई कशा वाहणार? ते वाहिले आधी शिकून शहाण्या झालेल्या मुलींनी. शारदासदनात अक्षर गिरवलेल्या मुली दुष्काळातून आलेल्या मुलींच्या शिक्षिका झाल्या, त्यांना न्हाऊमाखू घालणाऱ्या, रात्री उशाशी बसणाऱ्या झाल्या. आणि ज्यांना असे सांभाळले गेले त्या पुढे विणकाम, शेती, गोठा, स्वयंपाकघर सांभाळू लागल्या. रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर केले त्याची जुळणी आणि छपाई तिथल्याच छापखान्यात स्त्रियांच्या हातांनी झाली. रमाबाई 1883 मध्ये ख्रिस्ती झाल्या म्हणून आपल्यातल्या पुष्कळांनी त्यांचे नाव बराच काळ दूर ठेवले, आणि त्यात तोटा आपलाच झाला. ईश्वर योगक्षेम वाहतो असे आपण म्हणतो तेव्हा तो ते कोणाच्या खांद्यावर ठेवतो, याचे एक उत्तर केडगावला मिळते : जिला काल कोणीतरी उचलून आणले, तिच्याच खांद्यावर.

हा क्रम आजच्या वर्गात उतरवून पाहावा. दिवाळीच्या पुढेमागे ऊसतोडणीच्या टोळ्या या पट्ट्यात येतात, कारखान्याच्या आसपास कोप्या पडतात, आणि हंगामाच्या मधोमध वर्गात एखादे अनोळखी मूल येऊन मागच्या बाकावर बसते, ज्याचे पुस्तक वेगळ्या धड्यावर थांबलेले असते आणि जे उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा निघून जाणार असते. त्याला शाळेत दाखल करून घेणे हा योग शिक्षक साधतात. दुपारी त्याच्याशेजारी डबा कोण उघडतो, मागचा गणिताचा भाग त्याला कोण समजावतो, सलग काही दिवस ते आले नाही तर कोपीपर्यंत कोण जाऊन येतो, हे क्षेम मात्र फक्त बरोबरीचे मूलच करू शकते; शिक्षकाने केले तर ती देखरेख होते, मित्राने केले तर ती सोबत होते.

आणि सोबत या भागात अक्षरशः जिवाची आहे. घोड नदीच्या काठाने, पिंपरखेड-जांबुतच्या बाजूला, उसाच्या दाट फडांत बिबट्याचा वावर वाढला, आणि 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथे माणसे बळी पडली, त्यात लहान मुलेही होती. अशा रस्त्याने शाळेतून घरी जाताना मुलांनी एकटेदुकटे न राहता जथ्याने जावे हे सर्वच सांगतात. परंतु जथा आपोआप टिकत नाही, कोणाची सायकल पुढे धावते, कोणाची चप्पल तुटते, कोणी बोरीखाली थांबते. दिंडीत जसे पताका पुढे असतात पण थकलेल्या वारकऱ्याची काळजी शेवटच्या ओळीला घ्यावी लागते, तसा इथला खरा मुख्यमंत्री जथ्याच्या शेवटी चालतो, आणि सर्वांत धाकटे मूल आपल्या वस्तीच्या फाट्याशी वळून मोठ्या माणसाच्या हाती लागेपर्यंत स्वतःच्या घराकडे वळत नाही. फलकावर त्याचे नाव असो वा नसो.

इथे एक गोष्ट परखडपणे बोलली पाहिजे, नाहीतर या शब्दाचा गैरवापर फार सोपा आहे. बिबट्याचा बंदोबस्त हे मुलांचे काम नाही. ते वन विभागाचे आहे, रस्त्यावरच्या दिव्यांचे ग्रामपंचायतीचे आहे, स्वच्छतागृहाच्या सफाईची तरतूद संस्थेची आणि शासनाची आहे. मोठ्यांनी आपले ओझे उतरवून ठेवायचे आणि मुलांनी ते उचलले की त्याला संस्कार म्हणायचे, ही लबाडी आहे. त्याहून वाईट म्हणजे झाडू ठरावीक आडनावांच्याच मुलांच्या हाती जाणे. तसे जिथे घडते तिथे स्वच्छतामंत्र्याचे पहिले कर्तव्य पाळीचा तक्ता बदलण्याचे आहे, आणि त्यात आपले स्वतःचे नाव वर लिहिण्याचे. क्षेम वाहायचे तर मागण्याचा अधिकारही वाहणाऱ्याजवळ हवा. शिक्षणहक्क कायद्याने शाळेत व्यवस्थापन समिती आणली, तिच्या बैठकीत विद्यार्थी प्रतिनिधी बसला तर त्याला बोलू दिले पाहिजे, आणि त्याने कडीचा विषय काढला तर तो किरकोळ म्हणून हसण्यावारी नेऊ नये. पाच सप्टेंबरला स्वयंशासनदिनी मुले साड्या नेसून, चष्मे लावून एक दिवस शिक्षक होतात. ते गोड असते, पण त्या दिवशी मुलांनी लिहून काढलेल्या अडचणी सहा सप्टेंबरला कोणी वाचतो का, हे मी अधिक महत्त्वाचे धरतो.

शेवटचा पदर काळाचा आहे. दहावीचे मूल शाळेत फार थोडे दिवस उरलेले असते. त्याने लावलेल्या झाडाची सावली त्याला मिळणार नाही, त्याने बसवलेली कडी पुढच्या तुकडीतली मुलगी लावणार. फळाचा भोग आपल्याकडे नाही हे जाणून केलेले काम म्हणजे काय, यावर आपल्या परंपरेने पुष्कळ निरूपण केले आहे, आणि त्याचा पाठ पंधराव्या वर्षी एवढ्या सहजपणे दुसरीकडे कुठे मिळत असेल असे मला वाटत नाही. पण तुकडी गेली की काम थांबते, हा आपल्या शाळांचा अनुभव आहे. निरोपसमारंभात दहावीची मुले वर्गणी काढून शाळेला भिंतीवरचे घड्याळ देतात, आणि कित्येक शाळांत अशी तीन-चार घड्याळे सेलअभावी वेगवेगळ्या वेळा दाखवीत बंद पडलेली असतात. यंदा त्या वर्गणीतून एक जाड वही घ्यावी, फेब्रुवारीत परीक्षेच्या सुट्टीवर जाण्याआधी मंत्रिमंडळाने ती नववीच्या हाती द्यावी, आणि तिच्यात लिहावे : कोणती तोटी पुन्हा पुन्हा बिघडते, टाकी शेवटची कधी धुतली, प्रयोगशाळेच्या किल्ल्या कोणाकडे असतात, कोणत्या वस्तीवरच्या मुलांना शाळा सुटल्यावर सोबत लागते, कोणत्या मुलाला फळ्यावरचे दिसत नाही पण ते सांगत नाही, आणि कोणता अर्ज कोणत्या तारखेला कोणाला दिला होता व त्याचे उत्तर अजून आलेले नाही.