जमा-नावे

लोअर परळच्या बंद गिरण्यांच्या आवारात हॉटेलं निघाली आणि ‘रस्ता पुन्हा जिवंत झाला’ असं जो तो म्हणू लागला. आम्ही बँकेतली माणसं; जमा दिसली की आधी नावे शोधतो! १९८२ च्या संपाआधी इथल्या खानावळवाल्या बायका कामगारांना महिन्याच्या उधारीवर जेवू घालीत. परवा मेव्हण्याने तिथल्या एका हॉटेलात नेलं. वाढणारा पोरगा म्हणाला, "काका, माझे आजोबा याच गिरणीत होते." आजोबांची महिन्याची खानावळ माझ्या एका सूपात बुडाली असती! पण नातवाला पगार मिळतोय, हेही खरंच. मग रस्ता जगला की नुसता विकला गेला? हिशेब जुळेना. बँकेत न जुळलेली रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात. मी ती टीप म्हणून ठेवली.