मैत्रीचा सामना

‘मैत्रीपूर्ण सामना’ हा शब्दप्रयोग आपल्या वर्तमानपत्रांनी इतका रूढ केला आहे की त्यातील विसंगती कुणाला जाणवत नाही. सामना म्हणजे समोर ठाकणे, एकाने दुसऱ्याला हरवू पाहणे. मैत्री म्हणजे दुसऱ्याचे भले चिंतणे. मग मित्राशी सामना खेळताना त्याला हरवण्यासाठी जिवाचे रान करावे, की त्याचे मन राखावे? ढाल नाही, गुण नाहीत, पुढची फेरी नाही. अशा खेळात समोरचा दुबळा निघाला तर हात थोडा सैल सोडणे हे प्रेमाचे कृत्य मानावे काय? प्रश्न पोरकट वाटेल. आम्हालाही तो गोंदिया जिल्ह्यातील एका लहानशा मैदानावर उभे राहीपर्यंत कधी पडला नव्हता.

अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या परिसरात, गोठणगाव-प्रतापगडजवळ नॉर्गेलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. ती १९७२ साली वसली. तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, पण तिबेटी लोकांच्या बोलण्यात या वसाहतीचे नाव अजून ‘भंडारा’ असेच येते. भोवती साल-सागाची नव्हे, तर साग-मोहाची राने, धानाच्या बांध्या, आणि मधेच वाऱ्यावर फडफडणाऱ्या रंगीत प्रार्थनापताका. हिमालयातील माणसांनी विदर्भाच्या उन्हाळ्यात पन्नासाहून अधिक वर्षे काढली, ही गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे. हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकणारे तिबेटी आपण पाहतो; त्यांचे फुटबॉलचे वेड मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

आमच्या धर्मग्रामातील मुले तेथे एकदा मैत्रीचा सामना खेळायला गेली, त्यांच्यासोबत आम्हीही होतो. मैदान म्हणजे सपाट केलेला माळ. फक्कीने आखलेल्या रेषा गुरांच्या खुरांनी जागोजागी पुसलेल्या. प्रेक्षकांना बसायला धुरा, आणि वयस्कर मंडळींसाठी चार खुर्च्या. यजमानांची थोरली मुले शिक्षणासाठी, धंद्यासाठी बाहेरगावी गेलेली असल्याने त्यांच्या संघात शाळकरी पोरेच जास्त होती. आमची मुले वयाने व अंगाने मोठी. मध्यंतरापूर्वीच आमचे पाच गोल झाले.

तेव्हा आमच्या बचावफळीतील एका मुलाला दया आली. चेंडू पायाशी असूनही तो अडखळल्यासारखा झाला, गोलरक्षकाने उशिरा उडी घेतली आणि यजमानांचा गोल झाला. धुऱ्यावर टाळ्या पडल्या. पण ज्याच्या नावावर तो गोल लागला, तो बारा-तेरा वर्षांचा मुलगा हरखला नाही. तो आमच्या मुलांकडे वळून हिंदीत एवढेच म्हणाला, “ठीक से खेलो, भैया.”

मध्यंतरात त्यांच्यातील एक वडीलधारे गृहस्थ आमच्याकडे आले. “फादर, तुमच्यातले दोन जण आमच्या बाजूने द्या, आमच्यातले दोघे तुम्ही घ्या,” असे त्यांनी सुचवले. तसे झाले, आणि उरलेला अर्धा वेळ खरा सामना झाला.

दुबळ्याला सांभाळून घेण्याचे हे दोन प्रकार आम्हाला वरवर एकसारखे वाटले होते. दोन्हींचा हेतू दयेचा, दोन्हींचा परिणाम बरोबरी साधण्याचा. तरीही एकाने तो मुलगा दुखावला आणि दुसऱ्याने संपूर्ण मैदान सुखावले, असे का व्हावे?

सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस शिकताना आम्ही असत्याचे तीन प्रकार पाठ केले होते: घातक असत्य, गमतीखातर बोललेले असत्य आणि उपकारासाठी केलेले असत्य. तिसऱ्याचा दोष कमी, पण दोष आहेच, असे संत थॉमस म्हणतात. तरुणपणी आम्हाला हा निवाडा कठोर वाटे. मरणाऱ्या माणसाच्या उशाशी बसणाऱ्या धर्मगुरूला तो आजही सोपा वाटत नाही. परंतु ‘दिलेला’ गोल या तिसऱ्या वर्गात चपखल बसतो. तो शब्दांनी न बोललेले, पायांनी बोललेले असत्य आहे. त्यात समोरच्याला सांगितले जाते, ‘तू केलेस’, आणि मनात म्हटले जाते, ‘तुला जमले नसते.’ संघांची अदलाबदल यात असे काही लपवलेले नसते. आम्ही कमी पडतो आहोत, हे कमी पडणाऱ्यांनी स्वतः, सर्वांदेखत मांडले. मांडून झाल्यावर मात्र कुणी कुणाची गय केली नाही. बुद्धिबळात बलवान खेळाडू आधी सांगून आपले एक मोहरे उतरवून ठेवतो, तसेच हे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. बाप चार वर्षांच्या लेकाशी कुस्ती खेळताना मुद्दाम पाठीवर पडतो. तोही खोटे वागतो काय? आम्ही तसे म्हणायला धजणार नाही. तेथे कुस्तीच लुटुपुटुची आहे, आणि लेकराला विजय नको, बाप हवा असतो. पण तोच मुलगा दहा वर्षांचा झाला की एके दिवशी रागाने म्हणतो, ‘बाबा, मुद्दाम हरू नका.’ त्या दिवशी बापाने खूण ओळखावी. आपल्या कुटुंबांत, आणि आमच्या धर्मग्रामांतही, ही खूण पुष्कळदा ओळखली जात नाही. गरिबाच्या मुलाचे सुमार भाषण आपण टाळ्या वाजवून गौरवतो आणि त्याला चूक दाखवण्याचा त्रास घेत नाही. त्याला आपण औदार्य म्हणतो.

डच इतिहासकार योहान हौझिंगा यांनी १९३८ साली खेळावर एक ग्रंथ लिहिला. लबाडी करणारा खेळाडू निदान खेळ मानण्याचे सोंग तरी करतो, उलट खेळच न मानणारा सर्व मोडून टाकतो, असा भेद त्यांनी केला आहे. याचे दारुण उदाहरण २५ जून १९८२ रोजी स्पेनमधील गिहोन येथे दिसले. विश्वचषकात पश्चिम जर्मनी व ऑस्ट्रिया समोरासमोर होते. जर्मनीने लवकरच एक गोल केला. १-० या निकालाने दोघेही पुढे जाणार होते आणि अल्जीरिया बाहेर पडणार होता. मग उरलेला सारा वेळ चेंडू इकडून तिकडे सरकत राहिला. नियम एकही मोडला नाही. दोघांत मैत्री होती, पण किंमत मोजली ती मैदानावर नसलेल्या तिसऱ्याने. पुढे गटातील अखेरचे सामने एकाच वेळी खेळवण्याची रीत पडली ती या प्रकारानंतर.

गिहोनच्या त्या विश्वचषकातील सामन्यापुढे आम्हाला दुसरा एक सामना ठेवावासा वाटतो, कारण त्याला खरोखरच ‘मैत्रीपूर्ण’ म्हटले गेले होते. ३० जून २००१ रोजी कोपनहेगनमधील व्हॅनलोस येथील एका साध्या मैदानावर तिबेटी निर्वासितांचा संघ ग्रीनलँडविरुद्ध उतरला. मायकल निब्रान्ट या डॅनिश तरुणाच्या खटपटीतून हे घडले. दोन्ही संघ फिफाचे सदस्य नव्हते. चीनचा विरोध होता. देश हातचा गेलेल्या या मुलांजवळ पासपोर्ट म्हणून नव्हते, निर्वासितांच्या कागदांवर त्यांचा प्रवास. अशा पाहुण्यांना दोन गोल सहज दान करता आले असते, आणि जगाने त्याचे कौतुकही केले असते. ग्रीनलँडने तसे केले नाही. ते पुरे बळ लावून खेळले आणि ४-१ असे जिंकले.

ज्यांना कोणतेही राष्ट्र अधिकृतपणे प्रतिस्पर्धी मानायला तयार नव्हते, त्यांना त्या दिवशी कुणीतरी प्रतिस्पर्धी मानले. तीन गोलांनी झालेली ही हार फिफाच्या दप्तरी नाही. तिबेटच्या बाजूचा गोल लोबसांग नोर्बू या खेळाडूने केला. तो त्याला कुणी दिला नव्हता.